सामायिक कोपरा

सांवेर रोडला, शेवेच्या कारखान्यामागे,
शाकिरने ताडपत्री ओढली.
"भिया, सीधा जपान का माल. कंटेनर से उतरा, यहीं रखा."
ट्रकच्या टायरवर टेकवलेलं इंजिन,
दोन रोटरचं, घागरीपेक्षा थोडं मोठं.
अभिराम खासगीवालेने मोबाइल काढला.
मी म्हटलं, थांब,
फोटोत दम कळत नाही.

मी रविवारचा मिस्त्री, पिस्टनवाला. हे मला नवं.
त्याला मात्र तोंडपाठ:
काका, यात व्हॉल्व्ह नाहीत, काही वरखाली होत नाही,
कमरेत बारीक अशा पोकळीत
फुगीर बाजूंचा त्रिकोण गरगरतो,
आणि त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन पट्ट्या,
आगकाडीएवढ्या जाड.
त्या गेल्या की सगळं गेलं.

त्याने एक्झॉस्टच्या तोंडात टॉर्च धरला.
मी कुल्फीची काडी आत घालून
समोर आलेली पट्टी दाबली.
दबली. परत वर आली.
दुसरी, तिसरी. मागच्या रोटरच्याही तिन्ही.
स्प्रिंगा जिवंत होत्या.

मग प्लग काढले, पुढच्या नटाला एकोणीसचा पाना लावला
आणि घड्याळाच्या दिशेने, हळू.

फुस.
फुस.
फुस.

सारख्या. गाढ झोपलेल्या माणसासारख्या.
मागचा रोटर: फुस, फुस, फुस.
"सुना?" शाकिर म्हणाला. "घोडा है, घोडा."
अभिरामचा हात पाकिटाकडे गेला.

तेलाचा वास मघापासून येत होता.
शेवेचाच, असं मी धरून चाललो होतो.
पुढच्या फुसेला भोकावर अंगठा ठेवला
तर अंगठा ओला.
हुंगला. बेसन नव्हतं त्यात.

मला ठाऊक आहे हे तेल.
दर मार्चमध्ये आमच्या ओतशाळेत डॉक्टर येतो,
हातात नळी देतो, म्हणतो फुंका,
जोरात, अजून, अजून, अजून. असं तीनदा.
त्याआधी मी संडासात जाऊन
पंपाचे दोन फवारे ओढून आलेला असतो.
आकडा चांगला येतो. कागदावर शिक्का बसतो.
भट्टीसमोर आणखी एक वर्ष.
संध्याकाळी घरचा जिना चढताना
मधल्या पायरीवर वाकून मी बूट बांधतो.
माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

शाकिरकडे बघितलं नाही.
नुसता पाना फिरवत राहिलो.
वीस फेरे. तीस.
भोकांतून बारीक तुषार उडून शर्टावर आले.
पन्नासच्या पुढे कधीतरी

फुस.
फ.
फ.

"शेजारशेजारच्या दोन," अभिराम हळूच म्हणाला.
"बाजूची पट्टी असती तर एकच पडली असती.
हा कोपरा गेलाय.
कोपरा दोन खोल्यांचा सामायिक असतो ना, काका."

शाकिर ताडपत्रीची दोरी सोडवत बसला होता,
ती सुटलेलीच होती.
रात्रीच ओतलं असेल त्याने, वाटीभर,
आणि सकाळी देवाचं नाव घेऊन आम्हाला फोन केला असेल.
मी भाव विचारला.
अर्धा सांगितला. मान वर न करता.

घ्यायचं तर घे, मी अभिरामला म्हटलं,
पण बसवू नकोस. आधी उघड.
जीपमध्ये चढवल्यावर कळून काय उपयोग.
त्याने मान हलवली, पण डोळे अजून
पहिल्या तीन फुसांवरच होते.

धूळ जाऊ नये म्हणून
चारी भोकांवर चिकटपट्टी लावली,
पाना पुसला, शाकिरच्याच फडक्याने,
आणि टायरच्या कडेवर जरा टेकलो.
"काका, दमलात?"

नाही रे, म्हटलं.
बूट बांधतोय.